मुद्गल : निवड, माप आणि निगा

आपण शिक्षक असाल, तर शाळेची सामानाची खोली एकदा उघडून पाहा. शेतकरी असाल, तर गावच्या तालमीत डोकावा. भिंतीला टेकलेले किंवा जमिनीवर आडवे पडलेले लाकडी मुद्गल बहुधा सापडतील. एकाला उभी चीर गेलेली असेल, दुसऱ्याला वाळवी लागलेली असेल, तिसऱ्याचा जोडीदारच नाहीसा झालेला असेल. कोणाला विचारले, तर उत्तर ठरलेले असते, ‘हल्ली मुलांना आवड नाही हो.’

मला हे उत्तर पटत नाही. मुलांची आवड कमी झाली असेलही. पण त्याआधी दुसरी एक गोष्ट घडली. मुद्गल हे ज्याच्या त्याच्या हाताला बेतायचे साधन आहे, ही जाणीव गेली. ज्या दिवशी शंभर मुलांसाठी एकाच मापाचे शंभर मुद्गल आणण्याची रीत पडली, त्या दिवसापासून ते कोपऱ्यात जाऊ लागले. कसे, ते सांगतो. थोडा इतिहास सांगावा लागेल, आणि तो इतिहास आपल्या तालमीतून निघून लंडन, अमेरिका असा फिरून परत आपल्या शाळेच्या पटांगणावर येतो.

आधी नावाचे पाहू. कोणी मुद्गल म्हणते, कोणी जोडी म्हणते, कोणी करेल म्हणते. गावागणिक आणि तालमीगणिक नाव बदलते, आकारही थोडाफार बदलतो. मूळ शब्द संस्कृतातला मुद्गर. महाभारतातल्या शस्त्रांत तो येतो. म्हणजे आधी हे मारण्याचे साधन होते, पुढे शरीर कमावण्याचे झाले. मारुतीच्या हातातली गदा आणि मुद्गल ही भावंडेच. पण गदेचा दांडा लांब आणि सगळे वजन टोकाच्या गोळ्यात, मुद्गलाचे वजन मात्र मुठीपासून बुडाकडे हळूहळू वाढत जाते. हा फरक लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

आपल्या भागात कुस्तीचा व्यासंग किती जुना, याला लेखी पुरावा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मल्लविनोद हा स्वतंत्र विषय आहे. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक. तेव्हापासून मधली शतके ओलांडून आपण कोल्हापूरच्या तालमींपर्यंत येऊ. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान खुले केले, आणि पेठापेठांतल्या तालमींना जो बहर आला, तो आजरा, गडहिंग्लज, चंदगडच्या खेड्यांपर्यंत पोचला. गावात लाल माती आली, दंड-बैठका आल्या, मल्लखांब आला आणि त्यांच्याबरोबर मुद्गलही आले.

या तालमीतली एक गोष्ट आपण विसरलो. तिथे मुद्गल मुलगा स्वतः निवडत नसे. वस्ताद निवडत. वस्तादांनी पोराचे मनगट हातात धरून पाहावे, खांदा चाचपावा आणि मग सांगावे, ‘ती खालची जोडी घे.’ सहा महिन्यांनी वरची जोडी मिळे. तालमीत पाच-सहा वजनांच्या जोड्या असत, त्या एवढ्यासाठीच. काशीच्या आखाड्यांत तर अंगाला लागली तर जखम होईल अशा खिळे ठोकलेल्या जोड्या पैलवान फिरवीत. त्या पाहून थक्क व्हावे, नक्कल करू नये. ज्याने आधीच्या सगळ्या जोड्या पचवल्या आहेत, त्याचाच तो मान.

आता साहेबाकडे वळू. हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या शिपायांना मुद्गल फिरवताना पाहिले. छाती रुंदावते, खांदा मोकळा होतो, मनगट पक्के होते, आणि तेही चार हात जागेत, हे त्यांनी हेरले. १९व्या शतकाच्या आरंभी हा व्यायाम इंग्रजी फौजेत शिरला. १८३४ साली लंडनमध्ये डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकाचे पुरुषांच्या व्यायामांवरचे पुस्तक निघाले. फौजेने यातला सोपा भाग तेवढा उचलला होता. वॉकरने हिंदुस्थानातल्या हातांचा अधिक देखणा भाग त्याला जोडला. पुढे त्याने स्त्रियांच्या व्यायामाच्या पुस्तकातही हलके मुद्गल घेतले. इंग्रजीत याला ‘इंडियन क्लब’ असे नाव पडले.

तिथून हे लाकूड अमेरिकेत गेले. सिम केहो नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने १८६१ साली लंडनमध्ये हॅरिसन नावाच्या व्यायामपटूला मुद्गल फिरवताना पाहिले आणि परत जाऊन त्याने मुद्गल बनवून विकायला सुरुवात केली. १८६६ साली त्याने त्यावर पुस्तकही छापले. आता ते कारखान्याचे सामान झाले. आपल्याकडे सुताराला बोलावून, पोराला उभे करून जे काम होत असे, ते तिकडे दुकानाच्या फळीवरून होऊ लागले. तरी केहोच्या बाबतीत एक सांगितले पाहिजे. त्याच्याकडे वेगवेगळ्या वजनांचे मुद्गल मिळत. मापाचे महत्त्व त्या व्यापाऱ्याला कळत होते.

यापुढचा भाग ऐकून अनेकांना नवल वाटते. मुद्गल फिरवणे हा ऑलिंपिकमधला खेळ होता. १९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस येथे एडवर्ड हेनिग याने त्यात सुवर्णपदक मिळवले. पुन्हा १९३२ साली लॉस एंजेलिसला ही स्पर्धा झाली. स्पर्धक किती, तर चार. तिघे अमेरिकेचे, एक मेक्सिकोचा. तिन्ही पदके अमेरिकेने घेतली. सुवर्ण मिळाले जॉर्ज रॉथ याला. मोठ्या मंदीचा तो काळ, आणि रॉथ तेव्हा बेकार होता. त्याच लॉस एंजेलिसमध्ये त्याच वेळी हिंदुस्थानचा हॉकीचा संघ सुवर्णपदक जिंकत होता. म्हणजे आपली माणसे गावात हजर, खेळाच्या नावात आपल्या देशाचे नाव, आणि त्या खेळात आपला एकही माणूस नाही! त्यानंतर ही स्पर्धा ऑलिंपिकमधून गेली. १९८४ पासून तालबद्ध जिम्नॅस्टिक्सच्या रूपाने तिची एक नात तिथे परत आली आहे. त्या मुली ज्या क्लबांच्या जोडीने खेळतात, तो एकेक क्लब ४० ते ५० सेंटिमीटर लांब आणि किमान १५० ग्रॅम वजनाचा असतो. आपल्या वस्तादांनी तो हातात घेतला असता, तर हसून परत दिला असता; पण त्या खेळाला तेच माप योग्य आहे. कामाप्रमाणे माप, एवढीच गोष्ट.

इकडे महाराष्ट्रात काय चालले होते? बडोद्याला जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकराव यांनी संघव्यायामाची पद्धत बसवली. शेकडो मुलांनी एका तालावर, देशी भाषेतल्या आज्ञांवर एकत्र व्यायाम करायचा. पारतंत्र्याच्या काळात त्या दृश्याचा परिणाम काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी व्यायामप्रकार तिथे करून दाखवले. त्याच वर्षी बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ निघू लागला. १९४९ पर्यंत त्याचे १० खंड झाले. जिल्ह्याच्या जुन्या ग्रंथालयात कधी गेलात, तर ते खंड मागून जरूर चाळा. मराठीत एवढे काम झालेले आहे, याचा अभिमान वाटेल. पुढे १९३७ साली मुंबई प्रांताच्या सरकारने स्वामी कुवलयानंदांच्या मार्गदर्शनाखाली शाळांतल्या शारीरिक शिक्षणाचा विचार सुरू केला आणि १९३८ साली कांदिवलीला शिक्षकांना व्यायाम शिकवणारी संस्था उघडली. तालमीतला मुद्गल अशा रीतीने शाळेत आला.

हे सगळे चांगलेच झाले, यात मला शंका नाही. तालमीत दहा मुले जात. शाळेत शंभर मुलांना मुद्गल मिळाला. पण वस्ताद मागे राहिला. सामुदायिक कवायतीत रांग सरळ दिसली पाहिजे, सगळ्यांचे हात एकदम वर गेले पाहिजेत. मग सगळ्यांच्या हातातले लाकूडही सारखेच हवे, असे वाटू लागते. खरेदी करणाऱ्यालाही ते सोयीचे. एकच नमुना, एकच भाव, एकच पावती. सातवीतला किडकिडीत पोरगा आणि दहावीतला मिसरूड फुटलेला गडी यांच्या हातात तोच मुद्गल. पहिल्याचा खांदा दुखतो, दुसऱ्याला तो खेळण्यासारखा वाटतो. दोघेही तो सोडतात. पायातली चप्पल आपण अशी घेतो का? कोल्हापुरी चप्पल करणारा कारागीर आधी पाय बघतो. कुऱ्हाडीचा दांडा घालतानाही आपण सुताराला सांगतो, ‘माझ्या हाताला बारीक कर.’ मग मुलाच्या खांद्याशी ज्याचा संबंध, त्या लाकडालाच हा विचार का नको?

सूर्यनमस्काराशी तुलना केली, तर हे अधिक स्पष्ट होईल. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा मोठा प्रसार केला, आणि तो टिकला. त्याची अनेक कारणे असतील, पण एक अगदी साधे आहे. त्याला काही विकत घ्यावे लागत नाही, म्हणून चुकीचे घेतलेही जात नाही.

आता जरा दूरचा दाखला देतो. इंग्रजीत मुद्गलाला जो शब्द आहे, तोच गोल्फच्या काठीला आहे. गोल्फ हा आपल्या खेड्यातला खेळ नव्हे. पण तो हिंदुस्थानात नवाही नाही. कलकत्त्याला १८२९ साली आणि मुंबईला १८४२ साली गोल्फचे क्लब निघाले. या खेळाच्या काठ्यांचा इतिहास आपल्याला शिकवण्यासारखा आहे. १९व्या शतकात काठीचा दांडा हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाच्या लाकडाचा असे. हे लाकूड लवचिक. पण प्रत्येक तुकड्याची लवचिकता वेगळी. म्हणून खेळाडू कारागिराकडे बसून काठी हातात घेऊन पारखत असे, मूठ तासून घेत असे. पुढे पोलादी दांडे आले. ब्रिटनमध्ये त्यांना १९२९ साली मान्यता मिळाली. कारखान्यातून एकसारखा माल निघू लागला. काठ्यांची हौस एवढी वाढली, की खेळाडू वीस-पंचवीस काठ्यांचे ओझे वाहून नेऊ लागले. शेवटी नियमच करावा लागला, की कोणी १४पेक्षा जास्त काठ्या नेऊ नयेत. अमेरिकेत तो १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली आला.

कारखाना आला, तरी गोल्फवाल्यांनी माप सोडले नाही. १९२०च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट अ‍ॅडम्स याने एक तराजू काढला. तो काठीचे नुसते वजन सांगत नसे, फिरवताना ते वजन हाताला किती वाटेल, ते सांगे. आज हौशी खेळाडूसुद्धा आपली उंची, मनगटाची जमिनीपासूनची उंची, पंजाची लांबी मोजून काठी घेतो. मूठ धरली, की बोटांची टोके तळव्याच्या गादीला जेमतेम टेकावीत, एवढी मुठीची जाडी असावी, असा त्यांचा साधा नियम आहे. ऐकल्यावर वाटते, हे तर आपल्या वस्तादांचेच शास्त्र! फरक एवढाच, की त्यांनी ते कागदावर मांडून ठेवले, आणि आपण ते वस्तादांबरोबर जाऊ दिले.

तेव्हा आपणही थोडे मांडून ठेवू. मी हे पैलवानासाठी सांगत नाही. पैलवानाला त्याचा वस्ताद आहे. हौसेने, तब्येतीसाठी मुद्गल फिरवणारा तरुण आणि शाळेसाठी मुद्गल घेणारा शिक्षक, यांच्यासाठी हे आहे.

पहिली गोष्ट लाकूड. आमच्या आजरा भागाला जंगलाची संपत्ती आहे. वखारीत साग, शिसव, फणस, जांभूळ पाहायला मिळते. पण एकाच मापाचा मुद्गल वेगवेगळ्या लाकडाचा केला, तर वजनात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सागाचा १३०० ग्रॅम भरलेला मुद्गल त्याच आकाराने शिसवाचा केला, तर तो १६०० ग्रॅमच्या आसपास जातो, आणि खैराचा केला, तर २ किलोच्या घरात. म्हणून सुताराला नुसते ‘अमुक उंचीचा मुद्गल कर’ असे सांगणे पुरेसे नाही. लहान मुलांसाठी साग किंवा फणस बरा. तरुणांसाठी शिसव किंवा बाभूळ. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, त्याला कीड फार लवकर लागते. आणि झाड तोडण्याच्या भानगडीत पडू नका, त्याला परवानगी लागते. वखारीतला वाळलेला तुकडा घ्या.

वाळलेला, हा शब्द महत्त्वाचा आहे. ओल्या लाकडाचा मुद्गल दिसायला छान होतो आणि पहिल्या उन्हाळ्यात तडकतो. जुने सुतार बाभळीचा ओंडका आधी पाण्यात टाकून ठेवीत, मग सावलीत वाळवीत. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना शेण-माती लिंपत, कारण लाकडातला ओलावा टोकांतून लवकर उडतो आणि चिरा तिथूनच सुरू होतात. गाभ्याचे गडद लाकूड घ्यावे, सालीजवळचे पांढरट लाकूड टाळावे. पांढऱ्या भागावर किडीचा डोळा आधी असतो. लाकडाच्या रेषा मुठीपासून बुडापर्यंत सरळ गेल्या आहेत ना, ते पाहा. मुठीच्या खाली जिथे मुद्गल सर्वांत बारीक असतो, तिथे गाठ असेल, तर तो तुकडा कितीही सुंदर असो, परत करा. फिरवताना मुद्गल तिथेच मोडतो, आणि मोडलेला तुकडा रांगेतल्या पुढच्या मुलाच्या डोक्यावर जातो.

दुसरी गोष्ट वजन. यासाठी काटा लागत नाही. मुद्गल हातात घेऊन हात बाजूला खांद्याच्या रेषेत सरळ करावा, मुद्गल जमिनीला समांतर धरावा, आणि मनात सावकाश १० आकडे मोजावेत. दहाच्या आत मनगट खाली झुकले, तर वजन जास्त आहे. दहा झाल्यावरही हाताला काही जाणवले नाही, तर कमी आहे. ढोबळ आकडा हवाच असेल, तर पाचवी ते सातवीच्या मुलांना प्रत्येकी अर्धा किलो, आठवी ते दहावीला पाऊण ते एक किलो, नव्याने सुरुवात करणाऱ्या तरुणाला दीड ते दोन किलो. मुलींसाठी वेगळे कोष्टक करण्याची गरज नाही, मनगटाची परीक्षा त्यांनाही तीच. नवशिके बहुधा हलक्या बाजूने चुकत नाहीत, जड बाजूने चुकतात. चारचौघांत हलका मुद्गल घ्यायची लाज वाटते ना! शिक्षकांनी ती लाज मोडावी. जड मुद्गल हाताला फिरवतो. हलका मुद्गल हात फिरवतो.

तिसरी गोष्ट लांबी. हात वर करून कोपर कानाजवळ आणावा आणि मनगट मानेमागे सोडावे. मुद्गल पाठीवर लोंबतो. त्याचे बूड कंबरेच्या फारसे खाली जाता कामा नये. गेले, तर मागून फिरवताना ते पार्श्वभागावर आपटते, मुलगा ते चुकवायला पाठ वाकवतो, आणि ज्यासाठी व्यायाम करायचा, तो ताठपणाच जातो. मोठ्या माणसाला ५५ ते ६० सेंटिमीटर, बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ४० ते ४५ सेंटिमीटर साधारण पुरतात.

चौथी गोष्ट तोल, आणि ही सर्वांत दुर्लक्षित. मघाशी गदेचा आणि मुद्गलाचा फरक सांगितला, तो इथे आठवा. दोन मुद्गल काट्यावर सारखे भरले, तरी ज्याचे बूड फुगीर आणि मान लांब, तो फिरवताना जड लागतो. तो गदेकडे झुकलेला असतो. मुद्गल एका दोरीच्या फासात आडवा टांगा आणि फास सरकवत सरकवत जिथे तो समतोल राहील, तिथे खडूची खूण करा. नवशिक्याच्या मुद्गलाची खूण लांबीच्या मध्यापासून थोडीच बुडाकडे असावी. फार पुढे गेली, तर तो सरावलेल्या हाताचा मुद्गल समजावा. अ‍ॅडम्सचा तराजू जे सांगत असे, त्याचा हा गावठी अवतार. सुतळीचा तुकडा आणि खडू, एवढाच खर्च.

मुठीबद्दल गोल्फवाल्यांचा नियम तसाच्या तसा घ्यावा. मूठ जाड असेल, तर बोटे मिटत नाहीत आणि दंडाआधी पंजाच थकतो. बारीक असेल, तर मुलगा ती आवळून धरतो, मनगट ताठरते. जाड मूठ तासता येते. बारीक मुठीला सुती पट्टी गुंडाळून भागते. टोकाचे बोंड करंगळीच्या कडेला अडले पाहिजे, तळव्यात रुतता कामा नये. आणि जोडीतले दोन्ही मुद्गल एकाच ओंडक्यातून काढलेले असावेत. एक साल-लाकडाचा आणि एक गाभ्याचा असला, तर आकार सारखा असूनही वजन सारखे होत नाही. दोघांत २०-२५ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. जास्त निघाला, तर जड मुद्गल बुडाकडून काचकागदाने घासून उतरवता येतो. हे काम शाळेतली मुले आवडीने करतात. त्यांना घासू द्या.

शंभर मुलांच्या शाळेने मग काय करावे? शंभर मापे शक्य नाहीत, हे मलाही कळते. तीन मापे करा. लहान, मधले, मोठे. रांगाही तीन करा. कवायतीची शोभा तसूभरही कमी होत नाही. उलट पुढे लहान, मागे मोठे असे उभे केले, तर ती वाढतेच.

आता निगा. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असा लागतो, की घरातली कपाटेसुद्धा फुगून मिटेनाशी होतात. मुद्गलही हवेतला ओलावा पितो आणि वजनाला वाढतो. म्हणून जोड्यांची वजने पावसाळ्यात तपासू नयेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये तपासावीत. मुद्गल जमिनीवर ठेवू नयेत. मातीच्या जमिनीतून वाळवी येते, आणि फरशीतून गारवा येतो. भिंतीला आडवी फळी ठोकून तिला भोके पाडावीत आणि मुद्गल बोंडावर उलटे लटकवावेत. खाली हवा खेळती राहते. खिडकीतल्या उन्हात ठेवू नयेत, एका बाजूने वाळून ते तडकतात.

व्यायाम झाल्यावर मूठ कोरड्या फडक्याने पुसावी. घामाने लाकूड काळवंडते आणि बुळबुळीत होते. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर, जवसाचे तेल फडक्याने अगदी पातळ चोळावे आणि दोन दिवस वाळू द्यावे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावू नये. जवसाचे तेल हवेत सुकून लाकडावर पातळ पापुद्रा धरते, खोबरेल तसे सुकत नाही, चिकटच राहते आणि धूळ ओढते. गोल्फच्या हिकरीच्या काठ्यांनाही हेच जवसाचे तेल चोळत असत, हे मुलांना सांगायला हरकत नाही. तेल चोळलेले फडके मात्र चोळामोळा करून कोठीत टाकू नका. ते सुकताना तापते आणि पेट घेऊ शकते. पसरून उघड्यावर वाळवा.

चीर दिसली, तर ती कुठे आहे, ते पाहा. बुडाच्या फुगीर भागावरची बारीक चीर वर्षानुवर्षे तशीच राहते, तिची काळजी नको. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा, आणि ती पुढे सरकते का, तेवढे बघत राहा. मानेजवळची चीर कितीही बारीक असो, तो मुद्गल त्याच दिवशी बाजूला काढा. तार बांधून, खिळा मारून तो चालवू नका. लाकडाला बारीक भोके पडून खाली पीठ सांडलेले दिसले, तर ती कीड आहे. तो मुद्गल बाकीच्यांपासून आधी दूर न्या, औषध नंतर शोधा.

आणखी एक काम शिक्षकांनी एका दुपारी उरकून टाकावे. प्रत्येक जोडीच्या बुडावर तापलेल्या सळईने एकच क्रमांक डागावा आणि सामानाच्या वहीत त्या क्रमांकासमोर लाकूड, लांबी, वजन आणि तोलाची खूण लिहून ठेवावी. जोडीतला एक मोडला, की उरलेला आपण चुलीत घालतो किंवा दाराला अडसर म्हणून लावतो. तसे करू नका. तो नमुना आहे. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलात, तर तिथे लाकूड कातणारे कसबी कारागीर आहेत; जवळच्या बाजाराच्या गावीही एखादा कातारी सापडेल. उरलेला मुद्गल आणि वहीतली ती ओळ त्याच्यासमोर ठेवा, आणि त्याच लाकडाचा वाळलेला तुकडा बरोबर न्या. कातून झालेला मुद्गल मापापेक्षा थोडा जडच मागून घ्या. उरलेले ग्रॅम शाळेत काचकागदाने उतरवता येतात.